दीडपट

पाकिटातून वहीचा कागद निघाला, रेघांचा.
त्यावर दाचीचं पाऊल, पेन्सिलीने काढलेलं.
करंगळीपाशी रेघ डगमगलीय:
तिथे गुदगुल्या झाल्या असणार.
खाली लेकीची ओळ,
"आई, हे डावं. उजवं काढूच देईना."

बारी शहरात, तिसऱ्या मजल्यावर,
सिन्योरा नुंझियाच्या स्वयंपाकघरात
मी त्या कागदाखाली मोठा कागद धरते
आणि पाऊल दीडपट कापते.
लोकर आटते. हे मला कुणी शिकवलं नाही.
अल्वानीतल्या पोरींना ते उपजतच ठाऊक असतं,
कुठली मेंढी लाथ मारणार, ते जसं.

पिंजलेली लोकर आडवी, मग उभी, मग पुन्हा आडवी.
वरून कढत पाणी. साबण.
मग रगडायचं, रगडत राहायचं,
सुटे केस एकमेकांना धरेपर्यंत.
एकदा धरले की सोडत नाहीत.
माणसांचं असं होतं का, माहीत नाही.
आमच्या घरावर कढत पाणी पुष्कळ पडलं,
घर सुटंच राहिलं.

साबण सिन्योराचा, ऑलिव्हच्या तेलाचा.
"पुरे, त्सिउरी! गॅसचं बिल काय तुमचा पोप भरणार?"
आमच्यात पोप नसतो, सिन्योरा. पात्रिआर्क असतात.
"मग ते भरतील?"
तेही नाही.

गुरुवारी दुपारी सुट्टी. बागेतल्या बाकांवर आम्ही सगळ्या.
माक्वाला, जी तिकडे भौतिकशास्त्र शिकवायची
आणि इथे एका कर्नलची लंगोटं बदलते,
ती म्हणते, "पाच युरोत चिनी सपाता मिळतात.
वर डायनोसॉर."
मी म्हणते, हो, पाहिल्यात.
आणि पिशवीतली लोकर पिंजत बसते.

गेल्या वर्षीच्या सपाता पोचल्या,
तेव्हा लेकीनं फोटो काढला तो गुडघ्यांपासून वरचा.
मला कळायचं ते कळलं.

तर हिशेब असा:
लोकर आटणार, एवढी.
पोर वाढणार, एवढं.
कागद यायला दोन आठवडे,
वाझाची व्हॅन तुर्कस्तान ओलांडून जायला एक,
किलोला दोन युरो, आणि नाक्यावर अडली तर देव जाणे.
माझे हात मोकळे फक्त सिन्योरा झोपल्यावर.
या सगळ्याला दीडपट पुरत नाही.
कात्री मी अंगठ्याच्या पुढे
आणखी बोटभर नेते.

परवा रात्री ती उठून आली.
अंगात झोपायचा झगा, एका पायात मोजा.
आता मला ती कधी बहिणीच्या नावानं हाक मारते,
कधी नर्स म्हणते, कधी नुसतीच बघते.
टेबलावरचा ओला पांढरा गोळा पाहिला
आणि खुर्ची ओढून बसली.
अंगठा टेकवला, दाबला, मागे ओढला,
पुन्हा टेकवला.
साठ वर्षं दारात बसून
पिठाचे इवले इवले कान वळलेला अंगठा.
"पीठ सैल झालंय," म्हणाली. "पाणी जास्त घातलंस."

झालं खरं, मी म्हटलं.
डावी सपात तिच्याकडे सरकवली, उजवी मी घेतली.
उजवी म्हणजे डावीचाच कागद, उलटा करून.
दोनपर्यंत आम्ही दोघी रगडत होतो.
गॅसबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

वाळल्यावर पाहिलं,
डाव्या तळव्यात एक खळगा राहिलाय,
बरोबर अंगठ्याएवढा.
ओला असताना रगडून काढता आला असता.

पुडक्यात चिठ्ठी टाकलीय:
मोठ्या होतील. होऊ देत.
पुढे बोटांपाशी सुटी लोकर कोंबलीय.
पाय वाढेल तशी
थोडी थोडी काढत जा.